घरीच तर असते!

"सूनबाई काय करतात?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "लेखन आणि भाषांतर." पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "ते झालं, पण नोकरी?" नोकरी नाही, स्वतंत्रपणे काम घेते, असं म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा एकदम मोकळा होतो. "म्हणजे घरीच असते ना! बरंय मग, मुलांकडे बघता येतं."

या 'घरीच असते' बद्दल मला जरा बोलायचंय.

मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. सकाळी साडेदहाला पर्स खांद्याला अडकवून बाहेर पडले की संध्याकाळी साडेपाचपर्यंत घराचा माझ्यावर हक्क नसे. पाहुणे आले, गॅसवाला आला, दूध उतू गेलं, तरी "बाई शाळेत गेल्यात" एवढं एक वाक्य पुरायचं. माझ्या कामाला घंटा होती, मस्टर होतं, एक तारखेचा पगार होता. सुनेचं काम तासाला तास लावून पाहिलं तर माझ्यापेक्षा कमी भरणार नाही. पण तिच्या कामाची घंटा वाजत नाही, म्हणून ते कुणाला ऐकूच येत नाही.

पहाटे पाचला ती उठते. मुलं उठेपर्यंतचे दीड-दोन तास तिचे खरे. मग डबे, रिक्षा, आंघोळी. नातू चौथीत आहे, नात मोठ्या गटात. दहा ते एक पुन्हा टेबल. एकला नात शाळेतून येते आणि मग रात्री नऊपर्यंत टेबलाचं नाव नाही. शिवाय घरात खंड्या नावाचा गावठी कुत्रा आणि एक मांजर. मांजरीने मागच्या वर्षी तीन पिल्लं घातली ती नेमकी मोल्सवर्थच्या शब्दकोशाच्या खोक्यात, आणि तेही चाळीस पानांची पुस्तिका चार दिवसांत द्यायची होती त्या आठवड्यात! शब्दकोश बाहेर होता म्हणून वाचला. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत दोन्ही मुलांचा मुक्काम आईच्या टेबलाखाली.

पण मला विचाराल तर मुलं आणि प्राणी ही अडचण नव्हेच. खोलीच्या कडीला लाल रुमाल बांधला की आई कामात आहे, हा नियम मुलांनी आठवड्यात आत्मसात केला. खंड्याला तो कळत नाही, पण दार दोनदा खरवडून तोही उंबऱ्याशी झोपतो. उलट मुलांचा उपयोगच होतो. ती रुग्णांसाठी एक माहितीपत्रक करत होती. नातवाने खांद्यावरून डोकावून विचारलं, "मूत्रपिंड म्हणजे किडनीच ना? मग किडनी का नाही लिहीत?" तिने किडनी लिहिलं. मराठीची शिक्षिका म्हणून मला जरा टोचलं, पण पत्रक शेवटी रुग्णाला कळायला हवं. पोराचं बरोबर होतं.

रुमाल कळत नाही तो मोठ्यांना. "तू घरीच आहेस तर आमचं कुरिअर घेऊन ठेव." "घरीच आहेस तर भिशीला ये." "घरीच आहेस तर आत्यांना दवाखान्यात नेशील का?" (नातेवाईक मंडळींनी राग मानू नये, हे वाचणारे निम्मे तुम्हीच आहात.) प्रत्येक काम दहाच मिनिटांचं असतं. तीन तासांत अशी चार कामं आली की त्या दिवसाचं भाषांतर रात्री अकरानंतर होतं.

आणि पैशाचं तर बोलूच नका. काम मागताना "उद्या सकाळी हवंय", पैसे देताना "पुढच्या आठवड्यात बघू". एका ठिकाणाहून तिचे पैसे पाच महिन्यांनी आले, तोवर जूनमधली दोघांची फी आमच्या पेन्शनमधून भरली. खरं म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा आहे. नोंदणी केलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज. सुनेने नोंदणी केलेली आहे, ती फुकट होते. पण कायदा दाखवला की पैसे येतील आणि पुढचं काम जाईल, ही भीती. ती मला खोटी वाटत नाही.

नात पोटात असताना ती नवव्या महिन्यापर्यंत टेबलाशी होती आणि बाळ पाच आठवड्यांचं असताना पुन्हा बसली. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. चांगलंच झालं. पण रजा द्यायला मालक लागतो. जिचा मालक दर आठवड्याला बदलतो तिला रजा कुणी द्यायची? २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या कॉलनीत पेढे वाटले. मीही खाल्ले. सुनेचा शब्दामागचा दर मात्र तिथेच आहे. भाषेचा मान आणि भाषेवर जगणाऱ्याची मजुरी यांची एकमेकांशी ओळखच नसावी, असं वाटतं.

असो. सरकारचं सरकार बघेल. आमच्या घरात मी एवढं ठरवलंय की दहा ते एक दाराची बेल, फोन आणि कुकर माझा. सत्तरी उलटली तरी एवढं झेपतं. मुलगा दुपारची मुलं बघू शकत नाही, त्याची कंपनी गावाबाहेर आहे. पण शनिवार-रविवार दोन्ही मुलं आणि खंड्या त्याच्या ताब्यात. पहिल्या शनिवारी तो दुपारी दोनला सोफ्यावर आडवा झाला होता.

तेव्हा दिवाळीला येणाऱ्यांनी कृपा करून एकनंतर यावं. फोनही त्यानंतरच करा, किंवा माझ्या नंबरवर करा. आणि खंड्यासाठी बिस्किटं आणू नका, डॉक्टरांनी बंद केली आहेत.