खिशातील चाकू : साध्या पोलादाचा की गंजरोधक?

शेतकऱ्याच्या अवजारांची गणना करताना नांगर, कुळव, कोळपे, पाभर यांचा उल्लेख हटकून होतो. परंतु सकाळी मळ्याकडे निघताना तो जो मिटवायचा लहान चाकू खिशात टाकतो, त्याची आठवण क्वचितच कोणास होते. वास्तविक दिवसभरात सर्वांत अधिक वेळा हाती येणारे हत्यार तेच होय. सुतळी तोडणे, खताच्या पोत्याचे तोंड उघडणे, ठिबकची नळी कापणे, रोगट डहाळी चिरून पाहणे आणि दुपारी बांधावर बसून कांदा चिरणे, ही सारी कामे त्याच एका पात्यावर होतात. सबब हा चाकू विकत घेताना थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

तासगाव, विटा, कराड किंवा फलटण येथील बाजारात चाकू मागितला तर सामान्यतः दोन तऱ्हा पुढे येतात. एक साध्या पोलादाचा : लाकडी मूठ, सरळ पाते, रंगाने काळसर. दुसरा गंजरोधक पोलादाचा : चकचकीत पाते, गुळगुळीत मूठ, क्वचित त्यासोबत लहान कात्री. पात्याची लांबी दोन्हींची सुमारे सात सेंटिमीटर. मग निवड कशी करावी?

जुन्या जाणत्या बागाईतदारांचा कौल निःसंशय पहिल्यास असतो, आणि त्यास सबळ कारण आहे. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील द्राक्षबागा आता बहुतांशी डोगरीजसारख्या खुंटावर उभ्या आहेत. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत या खुंटावर थॉमसन, तास-ए-गणेश अशा जातींच्या काडीचे पाचर कलम बांधतात. काडीस दोन्ही बाजूंनी चार ते पाच सेंटिमीटर लांबीचा उतरता काप द्यावा लागतो, आणि तो एका ओढीत, आरशासारखा सपाट यावा लागतो. साल व लाकूड यांच्यामधील वाढीचा पातळ थर खुंटाच्या तशाच थरास चिकटून बसला तरच कलम जुळते. बोथट पात्याने काप खरबरीत झाला, मध्ये पोकळी राहिली, की काडी सुकते. कलम फसलेला खुंट पुन्हा हंगामाची वाट पाहतो आणि ओळीत एका वर्षाचे खिंडार पडते. साध्या पोलादाचे पाते निसण्यावर थोड्या श्रमात वस्तऱ्यासारखी धार घेते. बाजारातील स्वस्त गंजरोधक पाती बहुधा नरम असतात व कलमास लागणारी धार फार वेळ टिकवीत नाहीत. येथपर्यंत जाणत्यांचे म्हणणे यथार्थ आहे.

तथापि कलमाचा चाकू आणि रोज खिशात बाळगावयाचा चाकू हे एकच असावेत, हा त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. ज्या पात्याने पोते फाडले व नळी कापली त्याच पात्याने दुपारी कलम बांधावयाचे म्हटले, तर त्या धारेचा उपयोग काय? शिवाय घामाने ओल्या झालेल्या खिशात साधे पोलाद लवकर गंजते. पाटण, जावळी यांसारख्या अतिपावसाच्या तालुक्यांत तर पावसाळ्यात दोन दिवस दुर्लक्ष झाले तरी पात्यावर तांबूस पूट चढते.

याहून गंभीर गोष्ट रोगाची आहे. आटपाडी, माण, खटाव या अवर्षणप्रवण तालुक्यांत डाळिंबाने अनेक संसार सावरले, आणि तेल्या रोगाने त्यांतील कित्येक बागा मोडावयास लावल्या. हा रोग सूक्ष्म जंतूंमुळे होतो. पावसाच्या शिंतोड्यांप्रमाणेच रोगट झाडावर वापरलेल्या हत्यारावाटेही तो पसरतो. म्हणूनच एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना छाटणीची कात्री एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी, अशी शिफारस आहे. पुष्कळ बागाईतदार ती पाळतात. पण खिशातील चाकूचे काय? जाता जाता डागाळलेले फळ कापून पाहिले, पाते धोतरास पुसले, चाकू मिटला, आणि सायंकाळी शेजाऱ्याच्या बागेत त्याच पात्याने गुटीसाठी फांदीची साल गोल काढली. छाटणीच्या दिवशी कात्रीस जो नियम लावला, तो वर्षभर हिंडणाऱ्या चाकूस कोणी लावीत नाही. दाराला कुलूप घालून खिडकी उघडी ठेवावी, तसाच हा प्रकार झाला.

येथे पोलादाच्या जातीचा प्रश्न निर्णायक ठरतो. हायपोक्लोराइट साध्या पोलादास झपाट्याने खाते. चाकू खराब होतो असे एकदा दिसले की तो बुडविणे आपोआप बंद पडते, हा मनुष्यस्वभाव आहे. गंजरोधक पोलादात क्रोमियमचे प्रमाण किमान साडेदहा टक्के असते. त्याचा एक अदृश्य थर पात्याचे रक्षण करतो. तेही या द्रावणास सर्वस्वी दाद देत नाही असे नव्हे. परंतु बुडवून लगेच स्वच्छ पाण्याने धुतले व कोरडे केले तर दीर्घकाळ टिकते. जे हत्यार निर्जंतुक करता येते आणि प्रत्यक्षात केले जाते, तेच रोजच्या वापरास योग्य होय.

चकचकीत चाकू म्हणजे शहरी चैन, असा आक्षेप काही जण घेतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराकडेही प्रारंभी शेतकरी संशयानेच पाहत असत. लोखंडाने जमीन नासते असा समज होता. नांगराच्या कामानेच तो समज दूर केला, आणि १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी आज याच सांगली जिल्ह्यात उभी आहे. हत्याराची परीक्षा कामावरून व्हावी, रंगावरून नव्हे.

यास्तव रोज खिशात बाळगावयाचा चाकू गंजरोधक पोलादाचा घ्यावा. जो शेतकरी स्वतः कलमे बांधतो त्याने साध्या पोलादाचा दुसरा चाकू केवळ त्या कामासाठी ठेवावा व त्याने काडीखेरीज दुसरे काहीही कापू नये. तो झाडागणिक स्पिरिटने पुसावा. स्पिरिटने पाते गंजत नाही. दोन चाकूंचा खर्च अधिक वाटेल. परंतु एक वेल वर्षभर मागे पडण्याच्या किंवा रोग बागेत येण्याच्या मानाने तो क्षुल्लक आहे.

चाकू घेताना तो दुकानातच उघडून पाहावा. उघडलेले पाते जागी घट्ट धरून ठेवणारा खटका असावा. तो नसेल तर जोर लावताना पाते बोटांवर मिटते. पाते आडवे हलवून पाहावे, खिळ्यात ढिलेपणा नसावा. मूठ ओल्या हातातून निसटणारी नसावी. पुष्कळ पाती असलेला चाकू टाळावा, कारण त्याच्या फटींत माती व रस साचतो आणि तेथे द्रावण नीट पोहोचत नाही.

घरी आल्यावर चाकू धुऊन, पुसून, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा. डाळिंबाच्या रसाने साध्या पोलादावर येणारा काळा डाग निरुपद्रवी असतो. तांबडा गंज मात्र ताबडतोब घासून काढावा. द्रावण दररोज ताजे करावे, कारण उन्हात त्याची शक्ती कमी होते. चाकूची निगा पाच मिनिटांची आहे. ती पाच मिनिटे ज्याने दिली, त्याचा चाकू बागेच्या उपयोगी पडेल. ज्याने दिली नाहीत, त्याचा चाकू रोगाचे वाहन ठरेल.