रिपोर्टआधी आईला विचारा

आईचा सोनोग्राफी रिपोर्ट माझ्या हातात आला, कारण घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. गर्भाशय खाली सरकलंय, असं त्यात लिहिलं होतं. रायपूरच्या एका खासगी दवाखान्याने तो बघून लगेच सांगितलं, "पिशवी काढून टाका." त्रास काय होतो, हे आईला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

घरी येऊन विचारलं. अंग बाहेर आल्यासारखं तिला कधीच वाटलं नव्हतं. ती कंबरदुखीसाठी गेली होती.

बाळंतपणं झालेल्या अनेक बायकांचं गर्भाशय किंवा मूत्राशय थोडं खाली आलेलं असतं, पण त्यांना काही त्रास नसतो. ते योनीच्या तोंडापाशी आलं की मगच बहुधा जाणवतं. कंबरदुखीशी त्याचं नातं फार कच्चं आहे. उलटही घडतं. तपासणी बहुतेक वेळा झोपवून होते. दिवसभर ओझं वाहिल्यावर संध्याकाळी जे बाहेर येतं, ते या चित्रात कमी दिसू शकतं. मग "तुम्हाला काही झालेलं नाही" म्हणून तिला परत पाठवलं जातं.

त्रास नसेल तर सहसा ऑपरेशन लागत नाही. असेल तर स्नायूंचे व्यायाम आणि आतून आधार देणारी रिंग हेही उपाय आहेत. नुसती पिशवी काढून सैल पडलेला आधार घट्ट होत नाही.

छत्तीसगढने याची किंमत मोजली आहे. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या स्मार्ट कार्डावर कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचे उपचार मिळत. कॅन्सरची भीती घालून, गरज नसताना पिशव्या काढल्याचे प्रकार २०१२ मध्ये उघड झाले. त्या बायका गरीब, वंचित समाजांतल्या होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं ३ महिन्यांत लागू करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्यांत जिल्हा पातळीवर देखरेख समितीही आहे.

पण समिती आपल्या आईसोबत दवाखान्यात येत नाही, आपण जातो. आमच्या बायकांचा शब्द पुरावा म्हणून कधी धरलाच गेला नाही. शिकलेल्या लेकरांनीही तेच करायचं का? आधी तिला विचारा: काही खाली उतरल्यासारखं वाटतं का? लघवी, संडास नीट होते का? संध्याकाळी त्रास वाढतो का? डॉक्टरांपुढे आधी तिला बोलू द्या. रिपोर्ट त्यानंतर काढा. तरीही ऑपरेशनच सांगितलं, तर सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्या.