हात सापडले, सूत्रधार कुठे?

म्हैसूरचे विचारवंत प्रा. के. एस. भगवान यांच्या हत्येचा कट रचल्याच्या आरोपावरून कर्नाटक पोलिसांनी २०१८ मध्ये ज्यांना अटक केली, त्यांत महाराष्ट्रातील आरोपीही होता. गौरी लंकेश हत्येच्या तपासातून मिळालेल्या धाग्यांमुळेच त्या वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे मारेकरी हाती लागले. पुण्यातील त्या खुनाला तोवर पाच वर्षे उलटली होती. २०२४ मध्ये दोघा तरुणांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले; सूत्रधार शोधण्यात तपासयंत्रणा अपयशी ठरल्याचे न्यायालयानेच नोंदविले.

जर्मनीत येना शहरातील नवनाझी युवकांच्या वर्तुळात घडलेल्या तिघांच्या टोळीने २००० ते २००७ या काळात दहा जणांचे बळी घेतले. त्यांतील नऊ जण स्थलांतरित कुटुंबांतील होते. पोलीस मात्र मृतांच्या आप्तांवरच संशय घेत राहिले. २०११ मध्ये सत्य उघड झाल्यावर तेथील संसदेने चौकशी समिती नेमून यंत्रणांच्या चुका चव्हाट्यावर मांडल्या.

पोलिसांची हद्द राज्याच्या सीमेपाशी थांबते. कटाची थांबत नाही. म्हणूनच दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि लंकेश यांच्या हत्यांच्या तपासाचीही अशीच संसदीय झाडाझडती व्हायला हवी. पिस्तूल चालविणाऱ्याला शिक्षा झाली, पण ते त्याच्या हाती देणारा मोकळाच राहिला, तर त्याला दुसरा तरुण सापडायला कितीसा वेळ लागणार?