पहाडावरची वस्ती

अमेरिकेने 1862 च्या कायद्याने वसाहतकऱ्यांना 160 एकर देऊ केले. जमीन मुळात तिथल्या आदिवासींची. पुढे हेच शेतकरी रेल्वेभाडं, कर्ज आणि पडलेल्या भावांनी पिचले, आणि 1892 मध्ये त्यांचा पीपल्स पार्टी हा पक्ष निवडणुकीत उतरला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्याला हे परकं वाटू नये. 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातली कुटुंबं शेजारच्या माणिकगड पहाडावर आली, कोलाम-गोंड आदिवासींच्या मुलखात पेरू लागली. जमिनीच्या पट्ट्याचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं. खाली कापूसवाल्यांनी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचा लाल बिल्ला छातीला लावला. त्याच संघटनेचे वामनराव चटप राजुऱ्यातून आमदार झाले. भावाची लढाई गाजली, रास्तच होती. कोलामाच्या जमिनीसाठी मात्र तेवढा मोर्चा निघाला नाही.

वाचकहो, तुमच्या गावच्या वस्तीची हकिकत लिहून पाठवा, कोलामगुड्यावरची आधी.