पट्टी आपल्या मोबाइलमध्ये, इतिहास सरकारच्या दप्तरात



फेब्रुवारी २०२३. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा नेला. भाव निघाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडे कापून हाती पडला दोन रुपयांचा चेक! त्या पट्टीचा फोटो मोबाइलवरून राज्यभर फिरला, म्हणून वर्तमानपत्रांनी दखल घेतली. पण गावोगावच्या ग्रुपवर शेतकरी आपापल्या पट्ट्या टाकतच असतात. त्यांचे पुढे काय होते? मेमरी भरली म्हणून पुसल्या, फोन फुटला, नवा घेतला. उद्या कांद्याच्या भावाचा अभ्यास करणारा बाजार समितीचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर पाहील. कापून हातात काय उरले, ते त्या तक्त्यात नसते.

१८७५ साली सुप्यात कुणब्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि पुणे-नगर जिल्ह्यांत वणवा पेटला. त्याची हकिगत आज आपल्याला कळते ती मुख्यतः इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाच्या कागदांवरून. म्हणजे कुणब्याचे म्हणणे साहेबाच्या लेखणीतून गाळून आलेले. बहुतेकांना लिहिता येत नव्हते. आपण तर रोज लिहितो, बोलतो, व्हिडिओ काढतो; आणि सगळा माल परक्या कंपन्यांच्या गोदामात टाकून येतो. पावतीसुद्धा घेत नाही.

त्या गोदामाची किल्ली कुणाकडे? दिल्लीच्या सीमेवर आंदोलन चालू असताना १ फेब्रुवारी २०२१ रोजी सरकारच्या सांगण्यावरून ट्विटरने किसान एकता मोर्चासह अडीचशेच्या आसपास खाती भारतात बंद केली. ती त्याच दिवशी पुन्हा उघडली, पण किल्ली कुणाकडे ते कळले. (त्या तीन कायद्यांबद्दल शेतकरी चळवळीत दोन मते होती, आजही आहेत. मुद्दा तो नाही.) आंदोलनात मेलेल्यांच्या घरच्यांना मदत देणार का, असे त्याच वर्षी संसदेत विचारले गेले. कृषिमंत्रालयाचे लेखी उत्तर : आमच्याकडे नोंद नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही. मृतांची यादी स्वयंसेवकांनी इंटरनेटवर ठेवली होती. ती पाने उद्या गेली, तर मंत्रालयाचे उत्तर तेवढे शिल्लक राहील; ते संसदेच्या दप्तरात आहे.

१९५४ च्या कायद्याने छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावीच लागते. त्यात मोबाइलवरचा मजकूर बसत नाही. ब्रिटनने २०१३ पासून संकेतस्थळे जतन करण्याची कायदेशीर सोय केली. तशी इथेही झाली पाहिजे, ही मागणी आपण ठरावात घालू. पण सरकार जपेल म्हणून हातावर हात ठेवून बसायचे? सरकार जपेल ते सरकारच्या सोयीचे.

तालुक्याने दोन तरुण नेमावेत. पट्ट्या, मोर्च्यांचे फोटो, भाषणे गोळा करावीत. प्रत्येकाला तारीख, गाव आणि कुणाकडून आले ते लिहावे. दोन प्रती दोन वेगळ्या गावांत ठेवाव्यात. सर्वांना खुली असलेली पाने इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'वर फुकट साठवता येतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपला ती सोय नाही, तिथले आपणच उतरवून घ्यायचे. मात्र कुणाच्या घरचे कर्ज, कुणाच्या घरची आत्महत्या, हे त्या घराला विचारल्याशिवाय संग्रहात घ्यायचे नाही.

येत्या जिल्हा बैठकीला गेल्या हंगामाच्या पट्ट्या आणा. कागद असो वा फोटो.