जुनी उधारी नव्याच्या खात्यावर नको

डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूतल्या एका तरुण इंजिनिअरने पत्नी आणि सासरच्यांवर छळाचे आरोप करत आयुष्य संपवलं. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका सुनेच्या मृत्यूने हुंड्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. पहिल्या बातमीनंतर 'बायका अशाच' आणि दुसरीनंतर 'पुरुष मेले सगळे सारखेच' असा सूर उमटला. बातमी मागे पडते, पण हा सूर वधू-वर मेळाव्यात आणि हॉटेलातल्या पहिल्या भेटीतही शेजारी येऊन बसतो.

पुनर्विवाहाचा विचार करणाऱ्या मुलींशी कामानिमित्त माझं बोलणं होतं. तिशीतली घटस्फोटित मुलगी समोरच्याला विचारते, "तुमच्याकडे आईचंच चालत असेल ना?" प्रश्नातच उत्तर ठरलेलं! तोही कमी नसतो. "पोटगी किती घेतलीत?" म्हणतो. ही दोघं भेटतच नाहीत, त्यांची जुनी भांडणं तेवढी भेटतात.

हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय झाली. त्यातली सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. कोर्टातला खटला असा लवकर मिटू शकतो, मनातला मात्र तारखांवर तारखा घेत राहतो.

मग काय, झालं गेलं विसरून डोळे मिटून 'हो' म्हणायचं? मुळीच नाही! सावधपणा हवाच. त्याच्या घटस्फोटाचा हुकूमनामा बघा. कर्ज किती, पहिल्या मुलांचं काय, घरखर्च कसा वाटायचा, हे स्पष्ट विचारा. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. मागणी आडून आली तरी तिथेच उठा.

पण सावधपणा समोरच्या एका माणसाची चौकशी करतो. आकस चौकशी न करताच सगळ्या पुरुषजातीला शिक्षा सुनावतो. शिवाय तो राखणदार म्हणूनही कच्चाच. 'सगळे सारखेच' म्हणत बसलं की खरा धोका कुठे आहे ते दिसत नाही आणि 'मी तसा नाही हं' म्हणणारा गोडबोल्या अलगद आत शिरतो.

मैत्रिणींनो, ज्याने छळलं त्याच्याशी हक्कासाठी शेवटपर्यंत भांडा. पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा, काही सोडू नका. फक्त त्याची उधारी दुसऱ्याकडून वसूल करू नका. आणि मुलांच्या आयांनो, हेच तुमच्या लेकालाही सांगा.