टाके काढल्यावरचे सहा महिने

मुळशी तालुक्यात सिझर झालेली बाई टाके निघाले की बरी झाली, असं सगळेच धरून चालतात. दवाखाना, सासर, कारखाना आणि सरकारी योजनासुद्धा. पोट आतून भरून यायला मात्र महिने लागतात. पहिले सहा आठवडे बाळाच्या निमित्ताने कुणीतरी दारात येऊन जातं. त्यानंतर आईचं पोट कुणाच्याच वहीत नसतं. ते पौडच्या ग्रामीण रुग्णालयाने आणि तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी आपल्या वहीत घ्यावं, यासाठी हे मुद्दे.

१. सिझर आता अपवाद राहिलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसली. आधीच्या फेरीत हा आकडा १७.२ होता. पाचव्या फेरीत महाराष्ट्रात तो २५.४ टक्के होता, म्हणजे चार बायकांत एक. देशभरातल्या खासगी दवाखान्यांत तर ४७.४ टक्के. यातली किती टाळता आली असती यावर भांडायलाच हवं. वेळेवर झालेल्या सिझरने किती आया आणि बाळं वाचतात हेही विसरता येत नाही. पण ज्या बाईचं पोट उघडलं गेलं आहे, तिची जखम या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही.

२. पोटात काय झालंय, हे बाईला आणि घरच्यांना नीट सांगितलं जात नाही. कातडी, तिच्याखालची चरबी, स्नायूंवरचं पांढरं चिवट आवरण, पोटाचा आतला पडदा आणि शेवटी गर्भाशय, असे एकाखाली एक थर उघडून पुन्हा शिवलेले असतात. पोटाचे उभे स्नायू बहुतेक वेळा कापत नाहीत, बाजूला सारतात. कातडी थोड्या दिवसांत मिटलेली दिसते. त्या चिवट आवरणाला मात्र सहा आठवड्यांनी जेमतेम निम्मी ताकद आलेली असते, आणि पूर्वीच्या जवळपास जायला सहा-सात महिने लागतात. सव्वा महिना झाला म्हणून बाई भरलेला हंडा उचलते, तेव्हा आतली शिवण अर्धीच पक्की असते.

बाकीही पुष्कळ बदलतं. व्रणाच्या वरची कातडी कित्येक महिने बधिर राहते, कारण तिथल्या बारीक नसा कापल्या गेलेल्या असतात. मग तिथे मुंग्या येतात, खाज सुटते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळतात आणि पुढे आपोआप येतात. पोटाच्या मधोमध स्नायूंमध्ये फट राहते आणि उठताना तिथे उंचवटा दिसतो. घरात मात्र एकच वाक्य ऐकू येतं: "हिचं पोट सुटलं." खोकताना, शिंकताना लघवी सुटते. तेही फक्त नॉर्मल बाळंतपणात होतं असं नाही. नऊ महिन्यांचं ओझं ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंनीही वाहिलेलं असतं. ही गोष्ट बायका सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत, आणि व्यायामाने ती बऱ्याच जणींची आटोक्यात येते हे त्यांना कुणी सांगत नाही.

साधं अंथरुणातून उठणं घ्या. उताणं असताना झटक्यात उठलं की सगळा ताण टाक्यांवर येतो. आधी गुडघे दुमडायचे. खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर व्हायचं. पाय बाजेखाली सोडायचे, मग खालच्या कोपराचा आणि वरच्या तळहाताचा रेटा देऊन बसतं व्हायचं. खोकला आला तर उशी किंवा घडी केलेली साडी टाक्यांवर दाबून धरायची. हे शिकवायला दोन मिनिटं पुरतात. प्रत्येक वॉर्डात सुट्टी देण्याआधी ते बाईकडून करून घ्यावं, आणि सोबत आलेल्या सासूलाही दाखवावं.

धोक्याच्या खुणाही तेव्हाच सांगाव्यात: ताप, टाक्यांतून पू किंवा घाण वास, रक्तस्राव अचानक वाढणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, एकाएकी लागलेली धाप. शेवटच्या दोन खुणा रक्ताच्या गुठळीच्या असू शकतात आणि सिझरनंतर तो धोका जास्त असतो. पोटरी दुखते म्हणून तेल चोळत घरी बसू नये.

३. "कमरेतल्या इंजेक्शनमुळे कंबर कायमची गेली" हे वाक्य तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवर ऐकायला मिळतं. भुलीच्या सुईच्या जागी काही दिवस दुखतं हे खरं. काही जणींना पहिल्या दिवसांत उठून बसलं की डोकं ठणकतं, ते लगेच डॉक्टरांना सांगायला हवं. पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्या सुईने होते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. नॉर्मल झालेल्या बायकांचीही कंबर दुखते. कारणं बहुतेक वेळा ढिल्या पडलेल्या पोटात, तासन्तास वाकून पाजण्यात आणि लवकर उचललेल्या ओझ्यात असतात. ही समजूत मला नुसती चुकीची नव्हे, नुकसानीची वाटते. इंजेक्शनच कारण म्हटल्यावर बाई उपाय मागायचंच सोडून देते.

४. रक्ताचं बोलायला हवं. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. ऑपरेशनमध्ये आणखी जातं. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी घ्यायची, कॅल्शियमही सहा महिने घ्यायचं, हे सरकारी धोरणातच आहे. गोळ्या घरात पडून राहतात कारण पोट धरतं, मळमळतं, आणि त्या चहाबरोबर घेऊ नयेत एवढंही कुणी सांगत नाही. गोळ्या वाटल्याचा हिशेब ठेवतात, घेतल्याचाही ठेवावा.

५. सव्वा महिन्याची आपली चाल टिकली पाहिजे. माहेरची विश्रांती, अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, बाळाला न्हाऊ घालायला दुसरे हात, हे कुठल्याही योजनेपेक्षा मोलाचं आहे. पण ती नॉर्मल बाळंतपणाच्या अंगाने घडलेली आहे, सिझरसाठी तिच्यात चार बदल करावे लागतील. बधिर कातडीला शेगडीचा शेक भाजेपर्यंत कळत नाही. जखम भरेपर्यंत पोटावर रगडून मालीश नको. पट्टा आधारापुरता बांधावा, आवळून नको. पाणी तोडू नये. बद्धकोष्ठ झालं की कुंथताना टाक्यांनाच त्रास होतो. आणि चाळीस दिवस बाजेवरून हलायचं नाही हे तर घातकच. दुसऱ्या दिवसापासून हळूहळू चालल्यानेच गुठळीचा धोका कमी होतो. आरोग्य केंद्रांनी गावोगावच्या मालीश करणाऱ्या बायकांना बोलावून हे समजावून सांगावं. बाळंतिणीच्या घरी त्यांचा शब्द डॉक्टरांपेक्षा जास्त चालतो.

६. आता मुळशीच्या जमिनीचं. हा पावसाचा आणि भाताचा तालुका. एप्रिल-मेमध्ये सिझर झालेली बाई जुलैत लावणीला उभी असते: पोटरीभर चिखलात, कमरेत वाकून, मागे मागे सरकत, डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद, आणि मधेच बांधावर येऊन बाळाला पाजायचं. कातकरी वाडीवर आणि धनगरवाड्यावर सव्वा महिनासुद्धा परवडत नाही. इर्जिकीची रीत ज्या गावांत अजून आहे, तिथे अशा बाईच्या वाट्याचा हात त्या हंगामापुरता इतरांनी द्यावा आणि सहा महिने तिच्या डोक्यावर हंडा, भारा, मोळी चढू नये. गावाने एकदा ठरवलं तर सुनेला एकटीला सासूशी भांडावं लागणार नाही.

अंतराचा प्रश्नही इथलाच आहे. मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला. धरण झालंच, आणि पाण्याच्या काठाकाठाने उरलेल्या गावांना आजही तळ्याला वळसा घालून यावं लागतं. ऑपरेशन औंधला, ससूनला किंवा खासगी दवाखान्यात झालेलं, आणि टाके काढायला ओली बाळंतीण मोटरसायकलच्या मागे बसून खड्ड्यांतून निघालेली. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयातून घरी सोडायला मोफत गाडी आहे. टाके काढण्याचं आणि जखम बघण्याचं काम जवळच्या उपकेंद्रात व्हावं, म्हणजे हा दुसरा प्रवासच वाचेल. त्यासाठी सुट्टीच्या कार्डावर ऑपरेशन का झालं, टाके कुठले, रक्त किती गेलं, हे मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात लिहिलेलं हवं.

७. माझी मुख्य मागणी आशाताईंच्या भेटींबद्दल आहे. नवजात बाळासाठी त्या घरी येतात. सिझर असेल तर सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत पाच भेटी, आणि सगळ्यांचे मिळून २५० रुपये. पुढे २०१८ पासून लहान मुलांसाठीच्या कार्यक्रमात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात भेट आहे, ५० रुपये भेटीला. म्हणजे तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात आशाताई त्या घराच्या ओट्यावर आधीच बसलेली असते. बाळाचं वजन करते, लसींचं विचारते. आई चहा ठेवायला आत जाते आणि तिला कुणी काही विचारत नाही.

तिथे पाच प्रश्न वाढवावेत. व्रण दुखतो का, ओला आहे का? लघवी सुटते का? कंबर आणि पोट कसं आहे? गोळ्या घेतेस का? झोप लागते का, रडू येतं का? उत्तर काळजीचं असेल तर चिठ्ठी द्यावी, आणि पौडला महिन्यातून एक ठरलेला दिवस या बायकांसाठी असावा: व्रण तपासणारे डॉक्टर आणि व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट, दोघेही. या कामाचे आशाताईंना वेगळे पैसे मिळावेत. फुकटात वाढवलेलं काम कागदावरच होतं.

ही मागणी जगावेगळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पहिल्या सहा आठवड्यांत किमान तीन भेटी सांगितल्या. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच एका तपासणीवर न थांबता बारा आठवड्यांपर्यंत बाईचा पाठपुरावा करायला सांगितलं. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतरच्या ओटीपोटाच्या व्यायामाचा खर्च सार्वजनिक विमा उचलतो.

८. पिरंगुट, माण, हिंजवडीच्या बाजूला प्रश्न रजेचा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम दाखवावं लागतं. ठेकेदार बदलत राहिले की ते दाखवणं अवघड होतं. बाळंतपणातून आजारपण उद्भवलं तर आणखी एक महिना मागता येतो, हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं. सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणारी बाई तर या रजेच्या बाहेरच. तिच्याकडून ते काम करून घेणाऱ्या घरांनी तिला निदान दोन-तीन महिने पगार देऊन घरी बसू द्यावं, ही विनंती मी मनापासून करते.

सिझरचा वेगळा भार सरकारला समजत नाही असंही नाही. सरकारी दवाखान्यात मोफत जेवण नॉर्मलला तीन दिवस, सिझरला सात. बांधकाम कामगार मंडळ नैसर्गिक प्रसूतीला १५,००० रुपये देतं, शस्त्रक्रियेला २०,०००. हाच फरक सुट्टीनंतरच्या तपासणीतही धरावा.

९. पुढचं मूल. पुढची गर्भधारणा किमान दोन वर्षांनी असावी. फार लवकर दिवस राहिले तर गर्भाशयाचा जुना व्रण फाटण्याचा धोका वाढतो. हे नवऱ्याला समोर बसवून सांगावं. साधन कोणतं, हे मात्र बाईने ठरवायचं.

१०. पैसे आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला दरवर्षी छोटा मुक्त निधी येतो. रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती आहे, आणि हिंजवडी-पिरंगुटच्या मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामावर खर्च करायची कायद्याने सक्ती आहे. फिजिओथेरपिस्टचं मानधन आणि तपासणीच्या दिवसाची गाडी यातून निघू शकते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला लावणी उरकलेली असते आणि बायका येऊ शकतात. त्या सभेत दोन ठराव मांडावेत: सिझर झालेल्या बाईला सहा महिने ओझं नाही, आणि तिच्या तपासणीच्या दिवशी पौडपर्यंत गाडी ग्रामपंचायतीची. ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी आणि पोच घ्यावी.